एकोणीस इंची पेटी



मागच्या महिन्यात गटांच्या एकत्र बैठकीत शेजारच्या वाडीतल्या एका वहिनींनी आम्हाला विचारलं, "तुम्ही म्हणे पुण्याच्या कुणा संगीतवाल्यांना पेटी करून दिलीत. भजनाची पेटी का?" आम्ही म्हटलं, "भजनाची नाही वहिनी, पण पेटीच." लगेच पुढचा प्रश्न आला, "आणि त्यात तुम्हाला तोटा झाला म्हणे?"

हो, झाला. पहिल्या पेटीत झाला आणि दुसरीत भरून निघाला. त्या दोन पेट्यांची हकीकत आणि अशी पेटी करायची कशी, हे दोन्ही आज सांगतो. ज्या गटांत लाकूडकाम चालतं किंवा सुरू करायचा विचार आहे, त्यांनी वही-पेन जवळ घ्या. मापं सावकाश सांगू.

आमचा गट पाट, पोळपाट, देव्हारे आणि भांड्यांच्या मांडण्या करतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या या रेडिओ केंद्रावर जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करायला एक संगीतकार आले होते. इथली आम्ही केलेली मांडणी त्यांनी पाहिली, सांध्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "ताई, माझ्या यंत्रांसाठी लाकडी पेटी कराल का?" तयार पेटी परदेशातून मागवायची तर वाहतूक आणि कर धरून ती फार महाग पडते. शिवाय त्यांच्याकडे दोन जातीची यंत्रं होती आणि ती एकाच पेटीत हवी होती. आम्ही हो म्हटलं. कशाला हो म्हटलंय, ते मात्र नंतर कळलं.

आधी ही यंत्रं काय आहेत ते बघू. आपल्या भजनाच्या पेटीत सगळं एकत्रच असतं. भाता, सूर, पट्ट्या, सगळं एका खोक्यात. या संगीतकारांचं वाद्य विजेवर चालतं आणि त्याचे तुकडे सुटे असतात. त्याला मॉड्युलर सिंथेसायझर म्हणतात. एक तुकडा नुसता सूर काढतो. दुसरा तो सूर चाळणीतून चाळल्यासारखा चाळून त्याचा पोत बदलतो. तिसरा आवाज लहान-मोठा करतो. चौथा ठरवतो की आवाज झटकन उठावा की हळूहळू, आणि लगेच विरावा की रेंगाळावा. वाजवणारा माणूस हे तुकडे छोट्या वायरींनी एकमेकांना जोडतो. जोडणी बदलली की वाद्य बदललं. मिसळणाचा डबा डोळ्यासमोर आणा. वाट्या त्याच, पण कुठल्या वाटीतलं किती घ्यायचं ते आमटीवर ठरतं. या वाट्यांना मॉड्यूल म्हणतात.

दुसऱ्या जातीची यंत्रं तुम्ही या केंद्रात पाहिलीत. आत्ता आम्ही बोलतोय त्या माईकच्या डाव्या बाजूला एक लोखंडी घोडा आहे. त्यात चपटी, रुंद यंत्रं एकावर एक बसवली आहेत. प्रत्येक यंत्राच्या पुढच्या पत्र्याला दोन्ही बाजूंना कानासारखी पट्टी असते, तिला भोकं असतात आणि त्या भोकांतून ते घोड्याला स्क्रूने आवळतात. या घोड्याला रॅक म्हणतात. आपल्या भाषेत मांडणीच. आवाज घुमवणारं यंत्र, आवाज एकत्र करणारं यंत्र, वीज वाटणारी पट्टी, सगळं या रॅकच्या मापात मिळतं.

हे सुट्या तुकड्यांचं वाद्य आपल्या देशाला नवीन नाही. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ च्या सुमारास ते घडवलं, आणि १९६९ मध्ये अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत मूग यांचं एक यंत्र आलंसुद्धा. डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकारांनी तिथला स्टुडिओ उभारून दिला. तिथे ज्यांनी रचना केल्या त्यांत एक बाई होत्या, गीता साराभाई. त्या पखवाज वाजवत. त्या स्टुडिओतल्या ध्वनिफिती कितीतरी वर्षं संस्थेच्या संग्रहात पडून होत्या, आता त्या ऐकायला मिळतात. आम्ही त्यातलं थोडं ऐकलं. खरं सांगायचं तर आमच्यातल्या दोघीतिघींना ते गाणं वाटलं नाही. पण एका मावशी म्हणाल्या, "पाण्याच्या मोटारीत हवा अडकली की असाच आवाज येतो. आणि तो आवाज आला की मी जागी होते." ऐकण्याची सवय ज्याची त्याची.

आता मापं. घ्या लिहून.

रॅकच्या यंत्राचा पुढचा पत्रा १९ इंच रुंद असतो, म्हणजे ४८२.६ मिलिमीटर. हे माप टेलिफोनच्या केंद्रांतून आलं, त्याला साधारण शंभर वर्षं झाली. यंत्र कुठल्याही देशाचं, कुठल्याही कंपनीचं असो, रुंदी तीच. उंचीसाठी एक पायरी ठरलेली आहे. तिला 'यू' म्हणतात. एक यू म्हणजे पावणेदोन इंच. आपल्या सुतारकाकांच्या भाषेत चौदा सूत, कारण एका इंचात आठ सूत. यंत्र एक यू उंच असेल, दोन यू असेल, तीन असेल, पण सव्वा यू नसेल. आणि यंत्र घासू नये म्हणून पत्रा त्याच्या जागेपेक्षा पाव सूत कमी उंच कापलेला असतो.

भोकांचंही गणित ठरलेलं आहे. एका यूमध्ये प्रत्येक बाजूला तीन भोकं. त्यांच्यातलं अंतर पाच सूत, पाच सूत आणि मग चार सूत. बेरीज चौदा. यू जिथे सुरू होतो त्या कडेपासून पहिलं भोक दोन सुतांवर. हे पक्कं लक्षात ठेवा, कारण पट्टीवर चुकीच्या भोकापासून मोजायला सुरुवात केली की वरची सगळी यंत्रं सरकतात आणि शेवटचं यंत्र बसत नाही. चार सुतांचं अंतर दिसलं की त्याच्या बरोबर मध्यावर एक यू संपतो आणि दुसरा सुरू होतो. डाव्या भोकाच्या मध्यापासून उजव्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर अठरा इंच अडीच सूत, म्हणजे ४६५.१ मिलिमीटर.

आणि आता मॉड्यूलची मापं. मूग यांच्या जुन्या पद्धतीचे तुकडे पावणेनऊ इंच उंच असतात, म्हणजे नेमके पाच यू. आज जास्त चालतात ते छोटे तुकडे. त्यांची पद्धत जर्मनीतल्या डीटर डोप्फर यांनी १९९५-९६ च्या सुमारास आणली, तिला यूरोरॅक म्हणतात. त्यांनी नवं माप शोधून काढलं नाही. कारखान्यांतली आणि प्रयोगशाळांतली यंत्रं ज्या मापाच्या चौकटीत बसायची, तेच माप घेतलं. यूरोरॅकचा तुकडा १२८.५ मिलिमीटर उंच असतो. तीन यू म्हणजे १३३.३५ मिलिमीटर. मधला जो पावणेपाच-पाच मिलिमीटरचा फरक राहतो, तो वरच्या-खालच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांच्या ओठासाठी. तुकडा त्या पट्ट्यांवर टेकतो आणि ३ मिलिमीटरच्या बारीक स्क्रूने आवळला जातो.

रुंदीची पायरी आहे ५.०८ मिलिमीटर, इंचाचा पाचवा भाग. तिला 'एचपी' म्हणतात. एका ओळीत ८४ एचपी धरले तर ४२६.७२ मिलिमीटर होतात. दोन्ही बाजूंना कान जोडले की ती ओळ बरोबर १९ इंची रॅकमध्ये बसते. म्हणजे दोन जातीची यंत्रं एका पेटीत नांदू शकतात ती आपल्या कारागिरीमुळे नव्हे, तर कुणीतरी आधीचं माप मानल्यामुळे. पायली, शेर, मापटं गावागावांत वेगळं असतं तर बाजार चालला असता का? तसंच हे.

आता आमची चूक सांगतो.

संगीतकारांनी फोनवर सांगितलं की टेबलावर ५२० मिलिमीटर जागा आहे. आम्ही ५२० हे बाहेरचं माप धरलं. प्लायवुड १८ मिलिमीटरचं. दोन बाजूंचे ३६ वजा केले, आत राहिले ४८४. यंत्र ४८२.६. आम्हाला वाटलं, दीड मिलिमीटर मोकळं आहे, छान. मग आतली बाजू सुबक दिसावी म्हणून आम्ही दोन्हीकडून एक-एक मिलिमीटरचा सनमायका चिकटवला. आत उरले ४८२.

पेटी टेम्पोने पुण्याला नेली. संगीतकारांनी पहिलं यंत्र उचललं, तोंडाशी लावलं. एक कोपरा आत गेला, दुसरा जाईना. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि हळूच म्हणाले, "ताई, जात नाहीये." सनमायका रंध्याने तासता येत नाही, आणि पेटी तर फेविकॉल लावून, स्क्रू मारून पक्की झालेली. अर्ध्या मिलिमीटरसाठी नऊ दिवसांचं काम वाया गेलं. टेम्पोचं भाडं जाता-येता आमचंच. सामानासाठी गटातून सहा हजार रुपये अंतर्गत कर्ज काढलं होतं, ते डोक्यावर.

त्या आठवड्याच्या बैठकीत बरंच बोलणं झालं. घरातल्या पुरुषमंडळींचं म्हणणं होतं की देव्हारे-पोळपाटच बरे, यंत्राबिंत्राच्या नादी लागू नका. आमच्यातही दोघी तेच म्हणत होत्या, आणि त्यांचं चुकीचं नव्हतं. तो पैसा सगळ्यांच्या बचतीचा होता. शेवटी आमच्या खजिनदार ताईंनी विचारलं, "चूक हाताची झाली की मापाची?" सांधे घट्ट होते, कोपरे काटकोनात होते, पॉलिश उत्तम होतं. चूक मापाची होती. मग ठरलं की एकदा, एकदाच, पुन्हा करायचं. संगीतकारांनीही माणुसकी दाखवली. या वेळी अर्धे पैसे आधी दिले आणि टेबलावरची वस्तू हलवून जागा वाढवून दिली.

दुसरी पेटी कशी केली, ते क्रमाने सांगतो.

पहिलं काम, नमुना मागवला. रॅकची रिकामी जागा झाकायला एक यू उंचीची कोरी पत्र्याची पट्टी मिळते, ती स्वस्त असते. संगीतकारांकडून ती मागून घेतली. ती आमची मापपट्टी झाली. आकड्यात चूक होऊ शकते, ऐकण्यात होऊ शकते. पत्रा खोटं बोलत नाही. गटाचा नियमच केला की वस्तू बसवायची असेल तर वस्तू किंवा तिचा नमुना हातात आल्याशिवाय करवत उचलायची नाही.

दुसरं, माप आतून धरलं. पेटीची वरची आणि खालची फळी नेमकी ४८६ मिलिमीटर लांब कापली आणि बाजूच्या फळ्या त्यांच्या टोकांना बाहेरून लावल्या. असं केलं की प्लायवुड १८ चं असो की साडेसतराचं, आतली रुंदी बदलत नाही. बाजारात १८ म्हणून मिळणारं प्लाय नेहमी १८ भरत नाही, हे तुम्हीही मोजून बघा. वरची, खालची आणि मधली आधाराची फळी, तिन्ही एकाच खुणेवर, एकाच वेळी कापा. आत सनमायका नको. आतून नुसतं काळं पॉलिश पुरतं. ४८६ मध्ये यंत्राला तीन-साडेतीन मिलिमीटरची मोकळीक मिळते, आणि यंत्राच्या कानाची भोकं लांबट असतात, त्यामुळे थोडा इकडचा-तिकडचा फरक चालून जातो.

तिसरं, लाकूड. सागाच्या फळीची पेटी दिसायला सुरेख, पण रुंद फळी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. दाराचं लाकूड जूनच्या शेवटी कसं अडतं ते आठवा. जिथे एक-दोन मिलिमीटरवर सगळं अवलंबून आहे तिथे ही हालचाल परवडत नाही. प्लायवुडमध्ये थर आडवे-उभे चिकटवलेले असतात, म्हणून ते फारसं हलत नाही. आम्ही अंग चांगल्या प्लायचं केलं आणि पुढच्या कडांना सागाच्या बारीक पट्ट्या लावल्या. दिसायला साग, वागायला प्लाय.

चौथं, आकार. एकूण दहा यू धरले. सगळ्यात खाली एक यू वीज वाटणारी पट्टी. तिच्यावर दोन यूचं आवाज घुमवणारं यंत्र, ते सगळ्यात जड. त्याच्यावर एक यू मोकळी जागा, जाळी लावलेली. आणि वर मॉड्यूलच्या दोन ओळी, तीन-तीन यूच्या. खालचे चार यू सरळ उभे ठेवले, वरचे सहा यू साधारण २० अंश मागे कलते केले. मॉड्यूलची बटणं सतत फिरवावी लागतात. कलतं असलं की मान आणि मनगट दुखत नाही, पुस्तक रेहालावर ठेवतो तसं. या कलामुळे पेटीचा माथा साधारण ९ सेंटिमीटर मागे जातो. खाली खोली ४०० मिलिमीटर ठेवली, कारण रॅकची यंत्रं मागे लांबवर जातात. वर तीनशेच्या आसपास राहते आणि मॉड्यूल उथळ असल्याने ती पुरून उरते.

बाजूच्या दोन्ही फळ्या वेगवेगळ्या आखू नका. एक आखा, दोन्ही शिकंज्यात एकत्र आवळा, एकत्र कापा आणि कडा एकत्रच घासा. कल दोन्हीकडे तंतोतंत सारखा आला पाहिजे, नाहीतर पेटी तिरकी होईल आणि पट्ट्या पिळवटतील.

पाचवं, जोडणी. आधी फेविकॉल न लावता नुसती उभी केली. गुण्या लावून कोपरे पाहिले. मग समोरून दोन्ही कर्ण मोजले. कर्ण सारखे भरले तर चौकट काटकोनात आहे. मग ती पत्र्याची पट्टी तळापासून माथ्यापर्यंत आतून सरकवली. खाली सरकते, मध्ये सरकते, वर सरकते, तिन्ही ठिकाणी हो म्हटलं तेव्हाच फेविकॉलचा डबा उघडला. चिकटवल्यावर आवळून एक रात्र तशीच ठेवली आणि सकाळी पट्टी पुन्हा फिरवली.

सहावं, लोखंडी पट्ट्या. यंत्राचे स्क्रू थेट प्लायच्या कडेत मारायचे नाहीत. चार वेळा काढले-घातले की भोक सैल होतं आणि प्लायचे थर सुटतात. रॅकसाठी आट्याच्या भोकांची तयार लोखंडी पट्टी मिळते. ती बाजूच्या फळीला आतून, पुढच्या कडेपासून एक इंच मागे बसवली, म्हणजे बटणांना धक्का लागत नाही. डावी-उजवी पट्टी एकाच उंचीवर हवी. पुन्हा तोच पत्रा मध्ये धरून दोन्ही बाजूंचे स्क्रू हाताने फिरतात का ते पाहिलं. यंत्राचे स्क्रू बहुतेक वेळा ६ मिलिमीटरचे असतात, पण काही देशांतले इंचाच्या आट्याचे असतात. आधी विचारा. जबरदस्तीने फिरवला तर आटे जातात. खालच्या जड यंत्राला नुसत्या पुढच्या कानांवर लटकवू नका, मागे आधाराची फळी द्या.

सातवं, उष्णता. यावर आम्ही सगळ्यात जास्त विचार केला. जड यंत्र खाली हवं, नाहीतर पेटी कलंडते. पण खालचं यंत्र तापतं आणि ऊब वर जाते, थेट मॉड्यूलकडे. सूर काढणाऱ्या मॉड्यूलला ऊब लागली की त्याचा सूर सरकतो. तंबोरा उन्हात ठेवला की उतरतो ना, तसाच. म्हणून मध्ये तो एक यू मोकळा सोडला. त्याच्या आत मागच्या बाजूला चढत जाणारी एक पातळ फळी लावली. चुलीचा धूर धुराड्याकडे वळवतो तशी गरम हवा ती मागे वळवते. मागची फळी वर दोन बोटं उघडी ठेवली आणि खाली भोकांची ओळ पाडली. खालून गार हवा आत, वरून गरम हवा बाहेर. पेटी भिंतीला चिकटवून ठेवू नका, हेही संगीतकारांना सांगितलं.

आठवं, वीज. इथे आम्ही हात जोडतो. आम्ही लाकडाचं काम करतो, विजेचं नाही. २३० व्होल्टची जोडणी परवाना असलेल्या वायरमनदादांकडूनच करून घेतली. तीन पिनांचा सॉकेट, फ्यूज, आणि लोखंडी पट्ट्यांना अर्थिंग. २३० व्होल्टच्या वायरी पेटीच्या एका बाजूने नेल्या, आवाजाच्या वायरी दुसऱ्या बाजूने. दोन्ही शेजारी ठेवल्या तर गुणगुण ऐकू येते. मॉड्यूलना १२ व्होल्ट लागतात, अधिक आणि उणे असे दोन्ही. ती वीज चपट्या, फितीसारख्या वायरीने जाते. त्या फितीची एक कड लाल असते आणि ती उणे बाराच्या बाजूला यावी लागते. उलट लावली तर तुकडा जळू शकतो. हे काम संगीतकारांनी स्वतः केलं. आम्ही फक्त जिथे लाल कड यायला हवी तिथे आत लाल रंगाचा ठिपका दिला. आणि एक खबरदारी, यंत्रं आत असताना पेटीला भोक पाडू नका. धातूचा कीस आत पडला तर वीज नको तिथून वाहते. सगळी भोकं आधी, मग ब्रशने झाडून साफ, मग यंत्रं.

आता हिशोब. पहिल्या पेटीची किंमत सांगताना आम्ही प्लाय, पट्ट्या, स्क्रू, पॉलिश, सगळं धरलं होतं, पण स्वतःचे तास धरले नव्हते. घरचं काम आपण मोजत नाही, तीच सवय इथे आली. त्यामुळे पेटी बसली असती तरी मजुरी म्हणून आमच्या हातात फार काही पडलं नसतं. दुसऱ्या वेळी वहीत पाच रकाने केले: सामान, मजुरीचे तास, वायरमन आणि वाहतूक, वाया जाणारं सामान, आणि गटाचा वाटा. कोण किती वाजता बसली, किती वाजता उठली, रोज लिहिलं. आखणी करताना गेलेला वेळही लिहिला, कारण या कामात करवतीपेक्षा आखणीलाच जास्त वेळ लागतो. शिवाय एका कागदावर पेटीचं चित्र काढून त्यावर सगळी आतली मापं घातली आणि दोन्हीकडच्या सह्या घेतल्या. फोनवरचं बोलणं विरून जातं, कागद राहतो.

दुसरी पेटी नेली त्या दिवशी आम्ही पाचजणी टेम्पोत होतो. कोणी फारसं बोलत नव्हतं. संगीतकारांनी खालचं जड यंत्र उचललं आणि तोंडाशी लावलं. ते सरकत आत गेलं, कुठेही न अडता, आणि चारही स्क्रू हाताने फिरले. मग त्यांनी एक-एक करून सगळी यंत्रं बसवली, वायरी जोडल्या आणि एक सूर लावला. आमच्यातल्या मावशी माना डोलावून म्हणाल्या, "षड्ज आहे." तो होता की नव्हता, देव जाणे. पण कर्ज त्या महिन्यात फिटलं.

तेव्हापासून आम्हाला आपल्या केंद्राच्या या लोखंडी घोड्याकडेही वेगळ्या नजरेने बघता येतं. तो गंजत चाललाय आणि त्याच्यासाठी लाकडी घर करायचं आम्ही मनावर घेतलंय. तुमच्या तालुक्यात शाळेच्या ध्वनिक्षेपकाची यंत्रं असतील, मंडपवाल्यांची असतील, देवळातली असतील. बघा, त्यातल्या कितीतरी यंत्रांना कान आणि भोकं असतील. माप तेच, १९ इंच. देव्हारा करणारा हात हे काम करू शकतो. फक्त नमुना हातात घ्या, आतून मोजा, आणि आपले तास वहीत लिहा.

ती पहिली पेटी आम्ही मोडली नाही. ती गटाच्या खोलीत आहे. यंत्र तिच्यात जात नाही, पण सगळ्यांची पासबुकं, इतिवृत्ताच्या वह्या आणि कर्जाची कागदपत्रं तिच्यात छान बसतात. नवीन मुलगी कामाला आली की आम्ही आधी तिच्या हातात तो पत्रा देतो आणि सांगतो, "हा त्या पेटीत बसवून दाखव." तो बसत नाही, आणि मग आम्ही शिकवायला सुरुवात करतो.

पुढच्या वेळी भेटू तेव्हा पॉलिशबद्दल बोलू. तोवर तुमचे प्रश्न केंद्राच्या पेटीत टाका. ती पेटीही आमच्याच गटाची आहे.

नमस्कार.